बेळगावच्या आकाशाखाली हेरिटेज १३०पी दुर्बीण: काय दिसतं, काय बिघडतं आणि हाताला किती काम लागतं

पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, असं बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या शिक्षकानं वा पालकानं विचारलं, तर माझं उत्तर स्काय-वॉचरची हेरिटेज १३०पी हेच आहे. आरसा १३० मिमी व्यासाचा आणि पॅराबोलिक, केंद्रांतर ६५० मिमी, म्हणजे एफ/५ (केंद्रांतर व्यासाच्या पाचपट). वजन सहा किलोच्या आसपास. नळी दोन दांड्यांवर आत सरकते, त्यामुळे बसच्या सीटवर मांडीत धरून नेता येते. सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, येतात. त्यांतून २६ आणि ६५ पट मोठं दिसतं. डोळ्याची बाहुली अंधारात पूर्ण उघडली तरी ७ मिमी होते, आणि त्या हिशोबानं हा आरसा सुमारे ३४५ पट जास्त प्रकाश गोळा करतो. दुर्बीण घेताना बघायचा आकडा हाच. "५२५ पट मोठं दिसेल" असं खोक्यावर छापलं असेल तर ते खोकं खाली ठेवावं, कारण १३० मिमीच्या आरशालाही आपल्याकडच्या हवेत दीडशे-पावणेदोनशे पटींच्या वर सहसा ओढता येत नाही.

ही दुर्बीण मला आवडते त्याचं खरं कारण वेगळं आहे. ती अर्धी सोडलेली आहे. तिला टेबल लागतं, ते येत नाही. मधली नळी उघडी असते, ती झाकावी लागते. आरसे आपणच जुळवायचे. तारा आपणच शोधायचा. बटण दाबलं की आपोआप शनीकडे वळणारी यंत्रं शाळेत कपाटात जाऊन बसतात, कारण मोटार किंवा बॅटरी बिघडली की पुढं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. इथं बिघडण्यासारखं जे आहे ते डोळ्यांसमोर आहे आणि स्क्रू ड्रायव्हरनं सुटणारं आहे. कल्पकता म्हणजे काय हे मुलांना सांगण्यापेक्षा हे यंत्र त्यांच्या हातात देणं मला जास्त पटतं.

तिच्या रचनेचा इतिहासही आपल्याला जवळचा आहे. दुर्बीण हातानं आडवी आणि वर-खाली फिरवायच्या अशा साध्या बैठकीला डॉब्सोनियन म्हणतात, ती जॉन डॉब्सन यांच्यावरून. ते १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून दाखल झाले. ही सोसायटी १९०० साली स्वामी विवेकानंदांनी स्थापली. तेच विवेकानंद, जे १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात मुक्कामाला होते आणि ज्यांची खोली आजही रिसालदार गल्लीत जपलेली आहे. मठात पैसा नव्हता. डॉब्सन यांनी जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे केले, काँक्रीटचे खांब ओतायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि तोफेच्या गाड्यासारखी साधी प्लायवूडची बैठक बनवली. तोवर मोठ्या आरशाला महागडी विषुववृत्तीय बैठक, म्हणजे आकाशाबरोबर फिरत ताऱ्याचा माग ठेवणारी, लागते असंच धरलं जाई. डोळ्यानं बघायचं असेल तर ती लागतच नाही, हे त्यांनी करून दाखवलं. १९६७ साली मठ सुटला, १९६८ पासून ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, म्हणून आज कुणीही ती बनवू शकतं.

विकत घेताना एका सापळ्यापासून जपावं. ११४ मिमी आरसा आणि १००० मिमी केंद्रांतर असं लिहिलेली, पण जेमतेम अर्धा मीटर लांब नळीची दुर्बीण दिसली तर ती घेऊ नये. त्या नळीत गोलाकार आरसा असतो आणि फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या सरकत्या नळीत) एक भिंग लपवून केंद्रांतर वाढवलेलं असतं. ही रचना जुळवायला अतिशय अवघड, आणि प्रतिमा कायम मऊ. साध्या न्यूटोनियनमध्ये, म्हणजे या आरशाच्या दुर्बिणीसारख्या रचनेत, नळीची लांबी केंद्रांतराच्या जवळपास असते. टेप लावून मोजलं की खरं-खोटं कळतं. आणि एफ/५ ला "पॅराबोलिक" हा शब्द माहितीपत्रकात असायलाच हवा. इतक्या आखूड आरशाला गोलाकार पृष्ठ दिलं तर कडेवरचे आणि मधले किरण एका जागी येत नाहीत, मग गुरूवरचे पट्टे दिसणं विसरा.

पार्सल पुण्याहून येवो की बेंगळूरूहून, कुरिअरच्या हिंदकळण्यात आरशांची जुळणी हलणारच. ती पहिल्याच दिवशी करावी. फोकसरच्या सव्वा इंची तोंडात बसेल असं प्लॅस्टिकचं बूच घ्या, त्याच्या बरोबर मध्यावर १ ते २ मिमीचं भोक पाडा. बाजारात हीच वस्तू कोलिमेशन कॅप म्हणून मिळते. नळी नेहमी आडवी धरून काम करा, उभी नको. षटकोनी किल्ली हातातून सुटली तर ती थेट मुख्य आरशावर पडते. भोकातून बघत आधी दुय्यम आरशाचे (नळीच्या तोंडाशी तिरका बसवलेला छोटा आरसा) तीन स्क्रू असे फिरवा की त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसतील. एक स्क्रू सैल केला की दुसरे आवळायचे, एका वेळी अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मग नळीच्या बुडाशी असलेले लॉकचे स्क्रू सैल करून जुळणीच्या स्क्रूंनी मुख्य आरसा हलवा, आपल्या भोकाचा काळा ठिपका आरशाच्या मध्यावरच्या खुणेत येईपर्यंत. शेवटी लॉक हलक्या हातानं आवळा. जोरात आवळलं की जुळणी पुन्हा सरकते.

पडताळा ताऱ्यावर घ्यायचा. पुस्तकांत यासाठी ध्रुवतारा सुचवलेला असतो, कारण तो हलत नाही. बेळगावला तो सल्ला कामाचा नाही: आपला अक्षांश सुमारे १५.९ अंश, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून फक्त सोळा अंशांवर, जाड आणि थरथरत्या हवेत. थंडीत रोहिणी घ्यावी. ती आपल्याकडे जवळपास थेट डोक्यावरून जाते. पण अगदी डोक्यावर असताना नको, कारण तिथं डॉब्सोनियन आडवी फिरवायला जागाच उरत नाही. माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर ती ७५ अंशांवर असते, तेव्हा. ६५ पटींवर फोकस थोडा सोडा. कडी गोल आणि काळा ठिपका मधोमध असेल तर जुळणी झाली. ठिपका एका बाजूला असेल तर मुख्य आरसा अजून किंचित फिरवायचा. कडी गोल न दिसता तिकोनी दिसली तर दोष जुळणीचा नाही: आरशावरच्या क्लिपा घट्ट आहेत आणि काच दाबली जातेय. क्लिप आणि काच यांच्यात कागदाचा तुकडा सरकेल इतपत त्या सैल करा.

आता उणिवा. फोकसर आट्यांचा आहे, बरणीच्या झाकणासारखा फिरवून आतबाहेर होतो, आणि त्या आट्यांत खेळ असतो. फोकस करताना प्रतिमा डावी-उजवीकडे उडी मारते. प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर एक-दोन वेढे गुंडाळली की खेळ जातो; तीन वेढे झाले तर फिरवताना अख्खी नळी हलते. सोबतचा २५ मिमी आयपीस चांगला आहे. १० मिमीचा कामचलाऊ. पैसे बाजूला ठेवायचेच असतील तर एका चांगल्या ६ मिमीच्या रुंद क्षेत्राच्या आयपीससाठी ठेवा: १०८ पट, शनीचं कडं आणि गुरूचे पट्टे यासाठी नेमका. २०२५ साली शनीची कडी आपल्याला कडेवरून दिसत होती, रेषेसारखी. आता ती वर्षागणिक उघडत जातील.

उघड्या नळीतून दोन गोष्टी आत शिरतात: बाजूचा उजेड आणि दव. टिळकवाडी-कॅम्पमध्ये रस्त्यावरचा दिवा थेट आयपीसमध्ये चमकतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी काळी फोम शीट, २ मिमी जाडीची, हा त्यावरचा इलाज. आधी नळीचा घेर सुतळीनं मोजा, त्यात दोन सेंटीमीटर धरून शीट कापा, लांबी उघड्या भागापेक्षा थोडी जास्त ठेवा, आणि वेल्क्रोनं जोडा. कापड वापरू नये. दवानं ओलं झालं की ते मध्ये झोळ पडून किरणांच्या वाटेत येतं. वारा असेल तर हेच झाकण शिडासारखं वारा धरतं, तेव्हा काढलेलं बरं.

बैठक लॅमिनेट केलेल्या पार्टिकल बोर्डची आहे, आणि आपल्या पावसाळ्यात तिचा जीव तिच्या कडांमध्ये असतो. लॅमिनेट न पोचलेल्या कडा, बोल्टची भोकं आणि खालच्या पायांच्या जागा यांतून ओल शिरते, बोर्ड फुगतो, मग बैठक अडखळत फिरते. आणल्याबरोबर या सगळ्या जागांना वॉर्निशचे दोन हात द्या. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटी पट्ट्यात दुर्बीण बाहेर निघतच नाही. तेव्हा झाकण लावून, आयपीस वेगळ्या डब्यात काढून, अर्धा किलो सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवायचं. आरसा ओलसर राहिला तर त्यावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पडतात आणि ते ॲल्युमिनियमचा थर खातात. धूळ मात्र दिसली म्हणून पुसू नये. थोड्या धुळीनं प्रतिमेला काहीच होत नाही, फडक्याच्या एका फटकाऱ्यानं कायमचे ओरखडे येतात. फारच घाण झाली तर आरसा काढून डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, न घासता, आणि उभा ठेवून वाळवणं.

टेबलाचं काम उद्यमबागेत एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून छान होतं. प्लॅस्टिकचं स्टूल अजिबात नको, ६५ पटींवर नुसतं बोट लागलं तरी गुरू तीन-चार सेकंद नाचत राहतो. १८ मिमी प्लायचा सुमारे ४५ सेमी व्यासाचा गोल, खाली २५ मिमीच्या चौकोनी पाइपचे तीन पाय बाहेरच्या बाजूला झुकवून वेल्ड केलेले, उंची ५० ते ६० सेमी, टोकांना रबरी बूट. पाय तीनच ठेवा. तीन पायांचं टेबल शेतातल्या ढेकळांवरही डगमगत नाही. पायांना जोडणारी आडवी पट्टी जमिनीपासून वीतभर उंचीवर घ्या आणि तिच्यावर वाळूची पिशवी ठेवा, कंप लगेच थांबतो.

मोबाइल लावायचा कंस घेतला तर एक लक्षात ठेवा: दोनशे ग्रॅमचा फोन पुढच्या टोकाला बसला की नळी खाली झुकते. बाजूची मूठ आवळून भागवण्यापेक्षा नळी तिच्या पकडीत मागं सरकवून तोल साधावा. चंद्राचे फोटो उत्तम येतात. तेजोमेघांचे लांब एक्स्पोजरचे फोटो या बैठकीवर होणार नाहीत, आणि ज्यांना तेच करायचंय त्यांनी ही घेऊच नये.

सूर्याकडे ही दुर्बीण वळवायची नाही. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण झाकणारा, ५ घनतेचा सौर फिल्टर हवा, टेप लावून पक्का बसवलेला. आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर उष्णतेनं तडकतो आणि डोळा जातो. रोख धरायचा लाल ठिपक्याचा फाइंडरही झाकायला विसरू नये.

कुठून बघावं? शहरातल्या स्लॅबवर मार्च ते मेमध्ये रात्री दहापर्यंत उष्णता वर येत राहते आणि ग्रह उकळल्यासारखे दिसतात. गवताचं मैदान केव्हाही चांगलं. जांबोटी-कणकुंबीकडे आकाश सर्वांत काळं, पण दव लवकर पडतं. दुय्यम आरसा धुरकट झाला तर फुंकर मारू नका, तोंड खाली करून ठेवा किंवा केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या. त्या पट्ट्यात अस्वलं फिरतात, म्हणून रानातल्या मोकळ्या जागेपेक्षा गावातल्या शाळेचं अंगण बरं. चिकोडी-रायबागकडे हवा कोरडी, दव कमी, पण उसाचा हंगाम सुरू झाला की पाचट जाळल्याचा धूर रात्री खाली बसतो. तिथं पाऊस सरल्यानंतरचा, कारखाने सुरू होण्याआधीचा काळ धरावा.

दक्षिणेकडे असण्याचा आपल्याला मोठा लाभ आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ, अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं. दिल्लीत तो १४ अंशांच्या वर जात नाही, बेळगावात साडेसव्वीस अंश चढतो. एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा पकडा. २६ पटींवर तो धुक्याचा मोठा गोळा, ६५ पटींवर कडेचे तारे रव्यासारखे सुटे होऊ लागतात.

आयपीसमध्ये आकाशाचा किती भाग मावतो हे मुलांना मोजायला लावा. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. तो क्षेत्राच्या एका कडेला ठेवा, दुर्बीण सोडून द्या, आणि मधोमध ओलांडून दुसऱ्या कडेला जायला लागणारी मिनिटं मोजा. मिनिटांना चारनं भागलं की अंश मिळतात. २५ मिमीला साडेसात मिनिटांच्या आसपास लागतील, म्हणजे १.९ अंश, कृत्तिकांचा पुंजका त्यात जेमतेम बसतो.

आता चंद्र, कारण सगळ्यांना चांद्रयान-३ बघायचं असतं. विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला ६९.४ अंश दक्षिण, ३२.३ अंश पूर्व इथं उतरला. लँडर दोन मीटर रुंद. १३० मिमीच्या आरशाची सूक्ष्म भेद करण्याची मर्यादा सुमारे ०.९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे चंद्रावर १.७ किमी. दोन मीटर दिसायला शंभर मीटरहून मोठा आरसा लागेल, आणि तोही हवेच्या बाहेर. हे उत्तर मुलांना आधीच सांगू नका, त्यांना गणित करू द्या. अंतर ३,८४,४०० किमी आणि विकलेचं सूत्र एवढंच पुरतं. जागा मात्र नक्की सापडते, आणि त्यासाठी पंचांग कामाला येतं. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. त्यामुळे चंद्रावर कुठल्या रेखांशाला सूर्य उगवतोय हे तिथीवरून काढता येतं: पौर्णिमेपर्यंत ९० मधून ते अंतर वजा करा. पंचमी संपताना अंतर ६० अंश, उरले ३०, म्हणजे विक्रमच्या जागी नुकतीच पहाट झालेली. अपोलो ११ ची जागा २३.५ अंशांवर, तिथं षष्ठीला उजाडतं. शुद्ध सप्तमीच्या संध्याकाळी दोन्ही जागा लांब सावल्यांसह उजेडात असतात. आधी थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना हे ओळीतले तीन मोठे खड्डे शोधा, त्यांच्या शेजारून पिकोलोमिनीकडे जा. पिकोलोमिनी ८८ किमी रुंद आणि जवळपास विक्रमच्याच रेखांशावर आहे. तिथून सरळ दक्षिणेला, कडेजवळच्या मांझिनसपर्यंत. त्याच भागात शिवशक्ती, म्हणजे विक्रम उतरला ती जागा. तिथले गोल खड्डे तिरक्या नजरेमुळे चपटे दिसतात, उंची रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. आणि या दुर्बिणीत प्रतिमा उलटी असते, नकाशाही उलटा धरा.

सर्वांत जास्त देणारा प्रयोग गुरूच्या आयो या चंद्राचा. १६७६ साली पॅरिसमध्ये ओले रोमर यांनी आयोच्या ग्रहणांच्या वेळा पुढं-मागं होताना पाहिल्या आणि त्यावरून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे ओळखलं. आयो साधारण साडेबेचाळीस तासांनी पुन्हा गुरूच्या सावलीत शिरतो. २०२७ ची गुरूची प्रतियुती (गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येण्याची वेळ) १० फेब्रुवारीच्या सुमारास आहे, दोन्ही बाजूंचे महिने आपल्या कोरड्या हंगामाच्या जवळपासचे. नोव्हेंबर-डिसेंबर २०२६ मध्ये रात्री उशिरा आयो सावलीत बुडतानाची वेळ घ्या, आणि वीस फेऱ्यांनंतर, सुमारे ३५ दिवसांनी, पुन्हा घ्या. पृथ्वी गुरूकडे येत असल्यानं हा काळ सुमारे साडेचार मिनिटांनी आखूड भरतो. प्रतियुतीनंतर एप्रिल-मे मध्ये आयो सावलीतून बाहेर येतानाच्या वेळा घेऊन तसंच करा; तेव्हा तो तितकाच लांब भरतो. दोन्ही बाजू घेणं आवश्यक आहे. गुरूची कक्षा किंचित लंबगोल असल्यानं त्याचा स्वतःचा वेग बदलतो आणि एकाच बाजूच्या नोंदीत दोन मिनिटांपर्यंतची चूक मिसळते. दोहोंची वजाबाकी केली की ती जवळजवळ निघून जाते. फरक नऊ मिनिटांचा, म्हणजे ५४० सेकंद, आणि त्या काळात बदललेली अंतरं मिळून सुमारे १६ कोटी २० लाख किमी. भागाकार करा, सेकंदाला ३ लाख किमी येतात. आयो एकदम विझत नाही, मावळायला साडेतीन मिनिटं घेतो, म्हणून "आता दिसेनासा झाला" हे दर वेळी त्याच मुलानं, त्याच आयपीसमधून ठरवावं. डोळा बदलला की अर्धं मिनिट सहज सरकतं. मधल्या फेऱ्या ढगात गेल्या तरी बिघडत नाही, दोन टोकांच्या वेळा हाती असल्या की फेऱ्यांची संख्या साडेबेचाळीस तासांनी भागून काढता येते.